प्रॉक्समॉक्सवर स्नॅपशॉट किंवा बॅकअप फेल झाला, तर कुठून सुरुवात कराल?

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवण्याचं सॉफ्टवेअर. त्याच्या टास्क लिस्टमध्ये लाल ओळ, म्हणजे फेल झालेलं काम, दिसली की नवीन माणूस साधारण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तोच बॅकअप पुन्हा चालवतो, नाहीतर ‘जागा कमी पडत असेल’ म्हणून जुने स्नॅपशॉट उडवायला घेतो. दोन्ही करू नका. पहिल्याने वेळ जातो आणि दुसऱ्याने परतीची वाट जाते. काम नेमकं कोणत्या पायरीवर थांबलं ते आधी शोधायचं आणि मगच हात लावायचा.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (अशाच सॉफ्टवेअरची कंपनी) विकत घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. त्यानंतर बऱ्याच छोट्या ऑफिसांनी प्रॉक्समॉक्सची वाट धरली. एका खोलीत एक सर्व्हर, त्यावर टॅलीचं एक विंडोज व्हीएम आणि फाइल शेअरिंगचं दुसरं. हे सांभाळणारा माणूस एकच, आणि प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. त्या माणसासाठी हे लिहितो आहे. उदाहरणात व्हीएमचा आयडी १०१ धरला आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि सगळी अक्षरं लहान ठेवून लिहायच्या.

आधी ठरवा: स्नॅपशॉट फेल झाला की बॅकअप?

प्रॉक्समॉक्समध्ये या दोन गोष्टींची यंत्रणा वेगवेगळी आहे. स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एका क्षणाची स्थिती, ती त्याच स्टोरेजवर जपली जाते. बॅकअप म्हणजे व्हीएमची पूर्ण प्रत, ती दुसऱ्या जागी जाते. सर्व्हरची डिस्क मेली तर स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात, म्हणून बॅकअपच्या जागी स्नॅपशॉट चालत नाही.

गोंधळ होतो तो बॅकअपच्या ‘मोड’मुळे. तिथे स्टॉप, सस्पेंड आणि स्नॅपशॉट असे तीन पर्याय असतात आणि बहुतेक सगळे तिसरा निवडतात. पण व्हीएमच्या बाबतीत हा मोड स्टोरेजचा स्नॅपशॉट घेतच नाही. व्हीएम चालवणारा क्यूईएमयू स्वतःच चालू डिस्क वाचत जातो. मधेच व्हीएमने अजून कॉपी न झालेल्या भागावर काही लिहायला घेतलं, तर तिथला जुना मजकूर आधी बॅकअपकडे जातो आणि मग नवीन लिहिलं जातं.

यातून दोन गोष्टी निघतात. ज्या स्टोरेजवर स्नॅपशॉट घेताच येत नाही, तिथूनही चालू व्हीएमचा बॅकअप होतो. आणि व्हीएमवर आधी घेतलेले स्नॅपशॉट बॅकअपमध्ये जात नाहीत. लॉगमध्ये तशी ओळही येते, की स्नॅपशॉट सापडले पण बॅकअपमध्ये घेतले नाहीत. रिस्टोअर केल्यावर फक्त बॅकअपच्या क्षणाची स्थिती मिळते.

लॉग वरून खाली वाचा

टास्कवर डबल क्लिक केलं की लॉग उघडतो. नजर थेट शेवटच्या लाल ओळीवर जाते, पण ती ओळ बरेचदा परिणाम सांगते, कारण नाही. कारण चार-पाच ओळी वर असतं. म्हणून पहिल्या ओळीपासून वाचा.

सुरुवातीला व्हीएम चालू आहे की बंद, त्याचं नाव आणि मोड येतो. मग प्रत्येक डिस्कची एक ओळ येते: अमुक डिस्क ‘इन्क्लूड’, तमुक डिस्क ‘एक्सक्लूड’. इथे थांबा. एखाद्या डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप’ची टिक काढलेली असेल तर ती गाळली जाते आणि टास्क तरीही हिरवा दिसतो. सी ड्राइव्हचा बॅकअप रोज होतोय आणि टॅलीचा डेटा असलेली दुसरी डिस्क कधीच गेलेली नाही, असं होऊ शकतं. लाल टास्कपेक्षा हे वाईट, कारण रिस्टोअर करायची वेळ येईपर्यंत कळत नाही. म्हणून हिरव्या टास्कचाही लॉग एकदा उघडून डिस्कच्या ओळी मोजा आणि व्हीएमच्या हार्डवेअर टॅबशी ताडून पाहा.

पुढे बॅकअप फाइल तयार होत असल्याची ओळ येते. त्यानंतर गेस्ट एजंटला (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) ‘फ्रीझ’ (थोपव) आणि लगेच ‘थॉ’ (सोड) असं सांगितल्याच्या दोन ओळी, मग बॅकअप टास्क सुरू झाल्याची ओळ, आणि मग टक्केवारी. काम कुठे थांबलं, त्यावर पुढची दिशा ठरते. फ्रीझच्या आधीच थांबलं तर लॉक, स्टोरेज किंवा सेटिंग बघा. फ्रीझ-थॉवर अडलं तर व्हीएमच्या आत बघा. टक्केवारी सुरू होऊन मधेच तुटलं तर डिस्क, जागा किंवा नेटवर्क. एवढी विभागणी केली की निम्मं काम झालं.

फ्रीझवर अडलं तर

फ्रीझ म्हणजे व्हीएमच्या आतली फाइल सिस्टम क्षणभर थोपवणं, म्हणजे अर्धवट लिहिलेल्या फाइल बॅकअपमध्ये जाऊ नयेत. हे काम आत चालणारा क्यूईएमयू गेस्ट एजंट करतो. लिनक्समध्ये तो थेट फाइल सिस्टम गोठवतो, विंडोजमध्ये व्हीएसएस या विंडोजच्याच सेवेमार्फत करून घेतो.

लॉगमध्ये फ्रीझ ‘स्किप’ केलं, एजंट सेट आहे पण चालू दिसत नाही, अशा अर्थाची ओळ असेल, तर बॅकअप होतो पण थोपवण्याचं काम झालेलं नसतं. एजंटची टिक व्हीएमच्या ऑप्शन्स टॅबमध्ये असते आणि एजंट हा प्रोग्राम व्हीएमच्या आत वेगळा टाकावा लागतो. लिनक्समध्ये क्यूईएमयू-गेस्ट-एजंट हे पॅकेज. विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ (सीडीची फाइल) जोडायची, आधी तिच्यातला सिरियल ड्रायव्हर टाकायचा आणि मग गेस्ट-एजंट फोल्डरमधला इन्स्टॉलर चालवायचा. ड्रायव्हर नसेल तर एजंटला होस्टशी, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या सर्व्हरशी, बोलायचा मार्गच नसतो. ऑप्शनमध्ये टिक केल्यावर व्हीएमच्या आतून रीस्टार्ट केलेलं पुरत नाही. व्हीएम पूर्ण बंद करा आणि प्रॉक्समॉक्समधून पुन्हा सुरू करा, तेव्हाच नवीन सेटिंग लागू होतं. मग होस्टच्या शेलमध्ये ‘क्यूएम गेस्ट सीएमडी १०१ पिंग’ चालवा. काहीच न छापता कमांड संपली तर एजंट बोलतोय.

थॉच्या ओळीवर टाइमआउट आला असेल तर तातडीने लक्ष घाला. फाइल सिस्टम गोठली आणि सुटलीच नाही, अशी शक्यता असते. बाहेरून व्हीएम चालू दिसतं, पिंगलाही उत्तर देतं, पण फाइल सेव्ह करायला गेलं की अडकतं. ऑफिसातून ‘सर्व्हर हँग झालाय’ असा फोन येतो तो याचाच. ‘क्यूएम गेस्ट सीएमडी १०१ एफएसफ्रीझ-स्टेटस’ने स्थिती बघा. उत्तर ‘फ्रोझन’ आलं आणि बॅकअप चालू नसेल, तर शेवटच्या शब्दाच्या जागी ‘एफएसफ्रीझ-थॉ’ लिहून तीच कमांड पुन्हा द्या. तरीही सुटलं नाही तर व्हीएम सक्तीने बंद करून सुरू करण्यावाचून इलाज नाही.

असं वारंवार होत असेल तर कारण आत शोधायचं. विंडोजमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स’ चालवा. प्रत्येक रायटरसमोर (व्हीएसएसशी जोडलेला विंडोजचा किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचा भाग) ‘स्टेबल’ आणि ‘नो एरर’ दिसायला हवं. एखादा ‘फेल्ड’ दिसला तर त्याच्याशी जोडलेली सर्व्हिस रीस्टार्ट करा, नाहीतर ऑफिस सुटल्यावर अख्खं विंडोज. आत दुसरं एखादं बॅकअप सॉफ्टवेअर त्याच वेळी व्हीएसएस वापरत नाही ना, हेही बघा. असेल तर दोघांच्या वेळांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. लिनक्समध्ये लूप डिव्हाइसवर (एखादी फाइलच डिस्कसारखी वापरून) माउंट केलेली फाइल सिस्टम हे फ्रीझ लटकण्याचं नेहमीचं कारण आहे. काही होस्टिंग पॅनल तात्पुरत्या फाइलींसाठी असं माउंट करून ठेवतात.

कारण सापडेपर्यंत एजंटच्या सेटिंगमधली ‘बॅकअपच्या वेळी फ्रीझ-थॉ करा’ ही टिक काढता येते. पण मग तो बॅकअप चालू मशीनची वायर ओढल्यासारखा असतो. चांगला डेटाबेस त्यातून बहुधा सावरतो, साध्या फाइलींत डेटा ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही. तेवढे दिवस त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप व्हीएमच्या बॅकअपआधी घेऊन ठेवा.

‘व्हीएम लॉक आहे’ असं येत असेल तर

बॅकअप चालू असताना लाइट गेली, यूपीएसने साथ सोडली, सर्व्हर बंद पडला. लाइट आल्यावर व्हीएमवर कुलपाचं चिन्ह असतं आणि पुढचा प्रत्येक बॅकअप ‘लॉक्ड’ म्हणून फेल होतो. तालुक्याच्या गावी हे नेहमीचं.

लॉक कशासाठी लागला ते संदेशातच लिहिलेलं असतं. ‘बॅकअप’ असेल तर टास्क लिस्टमध्ये त्या व्हीएमचं काही चालू नाही याची खात्री करा. क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) असेल तर सगळ्या नोडवर, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर, बघा. मग ‘क्यूएम अनलॉक १०१’. काही चालू असताना ही कमांड देऊ नका, ती फक्त खूण पुसते, चालू काम थांबवत नाही.

‘स्नॅपशॉट’ किंवा ‘स्नॅपशॉट-डिलीट’चा लॉक असेल तर नुसतं अनलॉक पुरत नाही, अर्धवट राहिलेला स्नॅपशॉट यादीत अडकून बसतो. आधी इटीसी, पीव्हीई, क्यूईएमयू-सर्व्हर या मार्गावरच्या १०१ च्या कॉन्फ (सेटिंगच्या) फाइलची एक प्रत घ्या. मग अनलॉक करून तो अर्धवट स्नॅपशॉट डिलीट करून बघा. नाहीच निघाला तर ‘क्यूएम डेलस्नॅपशॉट’ला फोर्सचा पर्याय आहे. तो डिस्कवरचा भाग निघाला नाही तरी कॉन्फमधली नोंद काढून टाकतो, म्हणून नंतर स्टोरेजवर त्याचे अवशेष राहिलेत का ते बघावं लागतं.

जागा: तीन ठिकाणी संपू शकते

पहिलं ठिकाण म्हणजे जिथे बॅकअप जातो ते स्टोरेज. ‘शेवटचे ३ ठेवा’ असं सेटिंग असलं तरी जागा ४ बॅकअपची लागते, कारण जुना बॅकअप काढला जातो तो नवा पूर्ण झाल्यावर. हा हिशेब चुकला की सेटिंग बरोबर असूनही दर रात्री टास्क लाल होतो. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे बॅकअप साठवण्याचं वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे ‘प्रून’ने (जुने बॅकअप छाटणं) फक्त नोंद जाते, डेटाचे तुकडे जातात ते ‘गार्बेज कलेक्शन’ चालल्यावर, आणि तेही साधारण २४ तासांच्या आत वापरले गेलेले तुकडे सोडून. सकाळी बॅकअप काढले आणि दुपारपर्यंत जागा मोकळी झाली नाही, तर सर्व्हर बिघडलेला नाही. एक दिवस थांबा. म्हणूनच ते स्टोरेज १०० टक्के भरू देऊ नका, ८० टक्क्यांवरच हालचाल करा.

दुसरं ठिकाण एलव्हीएम-थिन पूल, म्हणजे डेटा लिहिला जाईल तशीच जागा देणारा साठा, जिथे व्हीएमच्या डिस्क असतात. ५०० जीबीच्या पूलमध्ये तुम्ही ३०० जीबीच्या तीन डिस्क बनवू शकता, सिस्टम हरकत घेत नाही. प्रत्यक्ष डेटा वाढत गेला आणि पूल भरला की लिहिणं बंद पडतं, व्हीएमवर पिवळा त्रिकोण येतो आणि स्थिती ‘आयओ-एरर’ दिसते. शेलमध्ये ‘एलव्हीएस’ चालवा आणि डेटा व मेटा (कोणता डेटा कुठे आहे याची नोंदवही) या दोन रकान्यांतली टक्केवारी बघा. मेटा बघायचं बरेच जण विसरतात. डेटा ६० टक्क्यांवर असताना मेटा भरला तरी पूल तितकाच अडतो.

अशा वेळी व्हीएम पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका, आधी जागा करा. व्हीएमच्या आत शिरून फाइल डिलीट केल्याने पूलमध्ये जागा होत नाही. त्यासाठी डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’ची टिक हवी आणि आत ट्रिम (मोकळी झालेली जागा स्टोरेजला कळवणं) चालायला हवं. आणि व्हीएमवर जुना स्नॅपशॉट असेल तर ट्रिम करूनही तो भाग सुटत नाही, कारण स्नॅपशॉटने तो धरून ठेवलेला असतो. इथे मात्र जुना स्नॅपशॉट काढणं हाच खरा इलाज, नाहीतर पूल वाढवणं. स्नॅपशॉट डिलीट केल्याने व्हीएमची आजची स्थिती बदलत नाही, ‘रोलबॅक’ने बदलते. दोन्ही बटणं एकाच ओळीत असतात. रोलबॅक दाबलं तर स्नॅपशॉटनंतरचं सगळं काम गेलं.

तिसरं ठिकाण होस्टची स्वतःची रूट डिस्क. यूएसबी डिस्क किंवा दुसरी हार्ड डिस्क एका फोल्डरवर माउंट करून (जोडून) तिथे बॅकअप घेण्याची पद्धत आहे. एखाद्या रात्री डिस्क माउंट झाली नाही, तर तो फोल्डर साधा रिकामा फोल्डर उरतो आणि बॅकअप थेट रूट डिस्कवर लिहिला जातो. रूट भरली की वेब पॅनलमध्ये लॉगिनसुद्धा होत नाही, आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. यावर उपाय सोपा आहे: स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ‘इज माउंटपॉइंट’ हा पर्याय लावून ठेवा. मग डिस्क जागेवर नसेल तर बॅकअप सरळ फेल होतो, आणि तेच आपल्याला हवं आहे.

स्नॅपशॉटचं बटणच चालत नसेल तर

‘स्नॅपशॉट फीचर उपलब्ध नाही’ हा संदेश स्टोरेजबद्दल बोलतो. एलव्हीएम-थिन, झेडएफएस, सेफ या प्रकारची स्टोरेज आणि क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क-फाइल यांवर स्नॅपशॉट होतो. साध्या एलव्हीएमवर आणि फोल्डरमधल्या रॉ (साध्या प्रकारच्या) डिस्क-फाइलवर पूर्वापार होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स ९ ने साध्या एलव्हीएमसाठीही सोय दिली, पण ती चाचणी स्वरूपात, म्हणून कामाच्या सर्व्हरवर तिच्यावर विसंबू नका. व्हीएमच्या सहा डिस्कपैकी एक जरी अशा जागी असली तरी अख्ख्या व्हीएमचा स्नॅपशॉट अडतो. विंडोज ११ साठी जोडलेली टीपीएमची (सुरक्षा चिपची) चिमुकली डिस्क यात नेहमी अडसर ठरते, कारण जुन्या आवृत्त्यांत ती फोल्डर किंवा एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फोल्डरवर) रॉ स्वरूपातच बनते. चुकीच्या जागची डिस्क हार्डवेअर टॅबमधून ‘मूव्ह स्टोरेज’ने हलवता येते.

रॅमसकट स्नॅपशॉट घेत असाल तर रॅमच्या दुपटीहून थोडी जास्त जागा आधी हवी असते आणि वेळही बराच जातो. अपडेट टाकण्याआधीची खूण म्हणून घेत असाल तर व्हीएम बंद करून रॅमशिवाय घ्या, ते सगळ्यात स्वच्छ. झेडएफएसवर रोलबॅक फक्त सर्वांत ताज्या स्नॅपशॉटवर होतो, मधल्यावर जायचं तर त्याच्या पुढचे काढावे लागतात.

मधेच तुटलं, किंवा बॅकअप चालू असताना व्हीएम मंदावतं

वर सांगितलेली पद्धत आठवा: जुना मजकूर आधी बॅकअपकडे, मग नवीन लिहिणं. बॅकअपची जागा मंद असेल, म्हणजे जुना एनएएस (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) किंवा इंटरनेटपलीकडचा सर्व्हर, तर व्हीएमचं प्रत्येक लिहिणं त्याच्यासाठी थांबतं. एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीपासून यासाठी ‘फ्लीसिंग’ आहे. बॅकअप जॉबच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ते चालू करा आणि त्यासाठी होस्टवरचं वेगवान स्टोरेज द्या. जुना मजकूर तात्पुरता तिथे पडतो आणि व्हीएम मोकळं होतं. 

टक्केवारी दर वेळी साधारण एकाच आकड्यावर तुटत असेल आणि शेवटी ‘इनपुट-आउटपुट एरर’ असेल, तर मूळ डिस्कच खराब झालेली असण्याची शक्यता मोठी. नोडच्या डिस्क टॅबमध्ये स्मार्टची (डिस्कची तब्येत सांगणारी) माहिती बघा, झेडएफएस असेल तर ‘झेडपूल स्टेटस’. इथे बॅकअप पुन्हा पुन्हा चालवणं धोक्याचं, मरत्या डिस्कवर प्रत्येक पूर्ण वाचन भार टाकतं. व्हीएमच्या आतून महत्त्वाच्या फाइल आधी बाहेर काढा, नवीन डिस्क मागवा, बाकी सगळं नंतर.

कुणाची मदत मागायची वेळ आली तर पूर्ण लॉग, ‘क्यूएम कॉन्फिग १०१’चं आउटपुट, ‘पीव्हीईव्हर्जन’ आणि ‘एलव्हीएस’ एवढं जोडून द्या. नुसता लाल ओळीचा फोटो पाठवला तर समोरचा हेच सगळं मागणार आणि एक दिवस जाणार.

दुरुस्ती झाली हे रिस्टोअरने ठरतं

टास्क हिरवा झाला म्हणून थांबू नका. बॅकअप स्टोरेजच्या यादीत जाऊन तिथून रिस्टोअर करा, व्हीएमच्या स्वतःच्या बॅकअप टॅबमधून नको. तिथून केलेलं रिस्टोअर चालू व्हीएमवरच जातं आणि त्याचा आजचा डेटा पुसतं. स्टोरेजच्या यादीतून नवीन आयडी देता येतो, समजा ९०१. ‘युनिक’वर टिक करा म्हणजे नेटवर्क कार्डचा मॅक अॅड्रेस बदलेल, आणि ‘रिस्टोअरनंतर सुरू करा’ची टिक काढा. मग हार्डवेअर टॅबमध्ये नेटवर्क कार्ड उघडून ‘डिस्कनेक्ट’ करा, नाहीतर एकाच नावाचे आणि आयपीचे दोन सर्व्हर नेटवर्कवर येतील आणि लोकांच्या नोंदी भलत्याच टॅलीत पडतील.

आता ९०१ सुरू करा, कन्सोलमधून लॉगिन करा. सगळे ड्राइव्ह दिसतात का, टॅली उघडतं का, बॅकअपच्या दिवसाचं शेवटचं व्हाउचर त्यात आहे का, हे स्वतः बघा. शक्यतो अकाउंटंटला शेजारी बसवून बघा, कोणती नोंद शेवटची होती हे त्यांनाच ठाऊक असतं. झालं की ९०१ बंद करून काढून टाका. त्या वेळी प्रॉक्समॉक्स खात्रीसाठी आयडी टाइप करायला लावतो. यादीत १०१ आणि ९०१ यांची नावं सारखीच असतात, म्हणून टाइप करण्याआधी खिडकीतला आकडा वाचा.